जे आहे, जसे आहे, जेथे आहे

‘सदनिका क्रमांक अमुक, तळमजला, तमुक को-ऑप. हौसिंग सोसायटी, हेंद्रेपाडा, कुळगाव-बदलापूर (पश्चिम), तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे. चटई क्षेत्र ४१० चौरस फूट. अनामत रक्कम राखीव किमतीच्या १० टक्के. ताबा सांकेतिक. विक्री जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि जे काही आहे तेथे आहे या तत्त्वावर.’

अशा जाहीर नोटिसा वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टायपात येत असतात आणि अंबरनाथ-बदलापूर-वांगणी पट्ट्यातल्या घरांचा त्यांत भरणा असतो. कारण उघड आहे. मुंबईत परवडत नाही म्हणून माणसं इकडे आली, कर्ज काढून वन-आरके, वन-बीएचके घेतली. नोकरी गेली किंवा घरात मोठं आजारपण निघालं की हप्ते थकले. पुढचं काम २००२चा सरफेसी कायदा करतो. मी हेंद्रेपाड्यातच राहते. लिलावाच्या बाजारपेठा कशा उभ्या राहतात आणि कशा बसतात, हा माझा शिकवण्याचा आणि सल्ला देण्याचा विषय. त्यामुळे या नोटिसा मी शेजारीण म्हणूनही वाचते आणि धंदा म्हणूनही. नोटिशीत चटई क्षेत्र असतं, चतुःसीमा असतात, कर्जदाराचं आणि जामीनदाराचं नाव असतं. २६ जुलै २००५ला त्या सदनिकेत पाणी कुठवर चढलं होतं, ते नसतं.

त्या न छापलेल्या ओळीची किंमत किती, हे सांगायचं तर जरा लांबून यावं लागेल.

आमच्या गल्लीत लिलावाची भिशी चालते. वीस जणी, महिन्याला पाच-पाच हजार, म्हणजे लाखाची भिशी. जिला नड आहे ती बोली लावते: ‘मी नव्वदला उचलते.’ दुसरी म्हणते, ‘पंच्याऐंशी.’ तिसरीच्या मुलाची फी भरायची असते, ती ब्याऐंशीवर येते. तिला ब्याऐंशी हजार मिळतात, उरलेले अठरा हजार वीस जणींत वाटले जातात, प्रत्येकीला नऊशे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात व्याजदर कसा ठरतो हे समजावायला चाळीस पानं लागतात. इथे दहा मिनिटांत, चहा थंड व्हायच्या आत ठरतो. पण माझ्या विद्यार्थ्यांना मी बोलीकडे बघू नका म्हणते, भिशी चालवणारीकडे बघा म्हणते. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, कोण उचलून पसार होईल, कोण नवरा दारुडा असला तरी हप्ता चुकवणार नाही, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. एखादीने दगा दिला तर ती पदरचे घालते. त्या बदल्यात पहिली भिशी तिची, बिनबोलीची. कायद्याने हाच धंदा ‘चिट फंड’ म्हणून १९८२मध्ये बांधून घेतला. चालवणाऱ्याची दलाली कमाल पाच टक्के होती, ती २०१९च्या दुरुस्तीने सात टक्के झाली. आमच्या काकूंची भिशी अर्थातच कुठे नोंदलेली नाही, आणि त्यांची दलाली किती हे विचारायची कुणाची हिंमत नाही.

लिलावाचा बाजार चालवणाऱ्याने विकायची गोष्ट ती हीच: हमी. बोली लावायची सोय कुणीही करून देतो.

पियेर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५मध्ये कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ सुरू केलं, तेच पुढे ईबे झालं. तिथे सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरना. ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते: १९९६च्या सुरुवातीलाच ओमिड्यार यांनी गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना एकमेकांबद्दल शेरा लिहायची सोय दिली. एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं एकमेकांना पैसे पाठवू लागली ती या शेऱ्यांच्या भरवशावर. पुढे पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छान प्रयोग केला. जुन्या पोस्टकार्डांच्या एका मुरलेल्या विक्रेत्याने तशीच कार्डं थोडी आपल्या नावाने आणि थोडी नव्या, अनोळखी नावांनी विकली. जुन्या नावाला गिऱ्हाइकं सरासरी ८.१ टक्के जास्त मोजायला तयार होती. कार्ड तेच, पाठवणारा तोच. वाढीव आठ टक्के शेऱ्यांचे.

आपल्याकडे हे सगळं मुंबईत घडलं. हार्वर्डला बरोबर शिकलेल्या अवनीश बजाज आणि सुवीर सुजान यांनी २०००मध्ये बाझी डॉट कॉम काढलं. त्या वेळची परिस्थिती आठवा: डायल-अपची ती किरकिर, सायबर कॅफेत तासाचे पैसे, क्रेडिट कार्ड मोजक्यांकडे. ईबेची नक्कल करून इथे भागणार नव्हतं, कारण शेरे लिहायला आधी व्यवहार व्हावे लागतात आणि व्यवहार व्हायला आधी विश्वास लागतो. त्यावर उतारा म्हणून पैसापे आलं. गिऱ्हाइकाने पैसे विक्रेत्याला द्यायचे नाहीत, मधल्या खात्यात भरायचे. माल पोचला की ते विक्रेत्याकडे सरकायचे. अमेरिकेत ज्याची तितकी निकड नव्हती ते इथे धंद्याचा कणा ठरलं. चीनमध्ये ताओबाओच्या अलीपेने नेमकं हेच केलं. माल विकायला ठेवण्याचं शुल्कही ताओबाओने घेतलं नाही, आणि २००६च्या अखेरीस ईबेला तिथलं आपलं संकेतस्थळ गुंडाळावं लागलं. जपानातून तर ईबे २००२मध्येच निघालं होतं. याहू तिथे काही महिने आधी पोचलं होतं, आणि जिथे बोली लावणारे जमले तिथेच विकणारे जातात, जिथे विकणारे तिथेच बोली लावणारे. लिलावाच्या बाजारात दुसरा आलेला सहसा उपाशी राहतो.

जून २००४मध्ये ईबेने बाझी सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतलं. त्याच डिसेंबरात एका विक्रेत्याने एक अश्लील चित्रफीत तिथे विकायला लावली आणि बजाज यांना दिल्ली पोलिसांनी अटक केली. त्या खटल्याचा गवगवा बराच झाला. माझ्या विषयासाठी त्यातला एकच प्रश्न कामाचा. बाजार भरवणारा मालाला कितपत जबाबदार? सगळ्याला, असं म्हटलं तर बाजार भरवायला कोणी धजणार नाही. कशालाच नाही म्हटलं, तर त्या बाजारात शहाणा माणूस पाऊल टाकणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ नव्याने लिहिलं गेलं आणि २००९च्या ऑक्टोबरात लागू झालं. मध्यस्थाला त्यात बरंच संरक्षण मिळालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये बजाज यांच्यावरचा खटला रद्द केला. कायदेशीर बाजू मिटली. व्यापारी बाजू कायद्याने मिटत नसते.

ईबे इंडियावर मोबाइल, घड्याळं, नाणी, टपाल तिकिटं आणि शुभ मानला जाणारा ७८६ आकडा असलेल्या नोटा विकल्या जायच्या. त्या नोटांनी मला फार शिकवलं. शंभराच्या नोटेची किंमत शंभर, हे रिझर्व्ह बँकेने छापून दिलेलं. तरी ७८६ची नोट कुणाला दोनशेला हवी, कुणाला हजाराला, आणि कुणाला किती हे लिलाव केल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. याच्या उलट नवा मोबाइल. त्याची किंमत उल्हासनगरच्या दुकानातही तीच आणि दादरलाही, शे-दोनशेच्या फरकाने. त्याचा सात दिवस लिलाव मांडून कोण बसणार? २००७मध्ये फ्लिपकार्ट आलं, २०१०मध्ये त्यांनी माल हातात पडल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली, आणि भांडवलदारांच्या पैशातून सवलतींचा पाऊस पडू लागला. माल दारात आल्यावर पैसे म्हटल्यावर पैसापेची महत्त्वाची कामगिरी एका झटक्यात फुकट झाली. २०१७मध्ये ईबेने फ्लिपकार्टमध्ये ५० कोटी डॉलर गुंतवले आणि भारतातला आपला धंदाही त्यांच्याच हवाली केला. १४ ऑगस्ट २०१८ला ईबे इंडियाचं दुकान बंद झालं. परदेशी कंपनीला भारत कळलाच नाही, असं यावर हमखास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. खुद्द अमेरिकेतही ईबेवरचे लिलाव आटत गेले आणि ‘आत्ताच घ्या’ वाढत गेलं. किरकोळ खरेदीत लिलावाची गंमत ओसरली की उरते ती वाट पाहणं, आणि वाट पाहायला माणसं तयार नसतात.

मग लिलाव उरला कुठे? जिथे किंमत कुणालाच ठाऊक नाही, पण वस्तूबद्दल कुणीतरी छातीठोक सांगायला तयार आहे, तिथे. बाझी सुरू झालं त्याच वर्षी मुंबईत मीनल आणि दिनेश वझिराणी यांनी सॅफ्रनआर्ट काढलं. चित्रांचे ऑनलाइन लिलाव त्यांनी करून दाखवले आणि आजही ते जोरात आहेत, कारण गायतोंड्यांचं चित्र खरंच गायतोंड्यांचं आहे हे तिथे तपासून मांडलं जातं. एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या सदबीज्‌मध्ये नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार निघाली आणि राज्य सरकारने ती मध्यस्थामार्फत मिळवली. सगळा खर्च धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये. त्या तलवारीचा बाजारभाव कुठल्या तक्त्यात मिळणार? पण सूचीत तिचं वर्णन, तिच्यावरचा लेख, तिचा काळ छापलेला होता. जुन्या गाड्यांचंही तसंच. २०१५मध्ये सुरू झालेल्या कार्स२४ने गाडी तपासायला स्वतःची माणसं ठेवली, कुठला दरवाजा ठोकलेला आहे ते फोटोसकट अॅपवर टाकलं आणि बोली डीलरांकडून मागवली. सरकारी भंगार आणि २०१५नंतर कोळशाच्या खाणी एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर जातात. २०१०मध्ये थ्री-जी लहरींचा लिलाव ३४ दिवस चालला आणि ६७ हजार कोटींवर गेला. (लिलाव कशाचाही करता येतो म्हणून करावाच असं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली दोन कोटींवर गेल्याचा गवगवा झाला, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१मध्ये ती निवडणूकच रद्द केली.)

आता पुन्हा हेंद्रेपाड्याकडे.

थकलेल्या कर्जातलं घर विकायची रीत अशी. साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवणं, मग विक्रीची नोटीस, पहिल्या वेळी किमान तीस दिवसांची. दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. लिलाव पोर्टलवर. जिंकलात तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी २५ टक्के भरायचे, अनामत त्यातच धरून. उरलेले विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत, बँकेने मुदत वाढवली तर जास्तीत जास्त तीन महिन्यांत. चुकलात तर भरलेले बुडाले. सरकारी बँकांची ही सगळी घरं एका ठिकाणी दिसावीत म्हणून जानेवारी २०२५मध्ये बँकनेट हे पोर्टल नव्या रूपात आलं. शोधायला ते खरंच सोपं आहे. पिनकोड टाका, बदलापूर उघडतं.

यंत्र म्हणून हे लिलाव उत्तम आहेत. ईबेवर घड्याळ ठरल्या क्षणी थांबायचं, म्हणून माणसं शेवटच्या पाच-दहा सेकंदांत बोली मारायची. ॲमेझॉनने स्वतःचे लिलाव चालवले तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढवली. तिथे ही शेवटच्या क्षणाची झडप फारच कमी दिसली, हे ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२मध्ये दाखवलं. आपल्या बँकांच्या लिलावांत पाच-पाच मिनिटांची वाढ असते. म्हणजे नोबेल मिळवलेल्या रॉथ यांनी जे सुचवलं असतं ते आपण आधीच करून बसलो आहोत. दोष यंत्रात नाही. यंत्रात घातलेल्या मालाबद्दल कोणीच काही सांगत नाही, इथे गाडं अडतं.

गेल्या वर्षी उल्हासनगरचं एक जोडपं सल्ल्याला आलं होतं. दोघं जीन्सच्या कारखान्यात. तळमजल्याची सदनिका, राखीव किंमत बाजारभावापेक्षा बरीच खाली, ताबा सांकेतिक. म्हणजे कर्जदाराचं कुटुंब आत राहतंय, आपण बाहेरून बघायचं. आम्ही बाहेरून बघायला गेलो. मी बाईंना म्हटलं, आधी मीटर बघा. बिल्डिंगमधले विजेचे मीटर माणसाच्या डोक्याच्याही वर, शिडी लावून वाचावेत इतके उंच बसवलेले. जिन्याखालची पाण्याची मोटर विटांचा ओटा बांधून त्यावर चढवलेली. बाहेरच्या भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत गडद ऑइलपेंटचा पट्टा, त्याच्यावर फिकट डिस्टेंपर. नवख्याला ती सजावट वाटते. पट्ट्याच्या वरच्या कडेला प्लास्टर फुगलेलं होतं. नखाने टोचलं तर पांढरी पूड पडली. समोरच्या दारातून एक आजी बघत होत्या. ‘बँकेचं घर बघताय का? ताई, खालचं घेऊ नका. वरचं निघालं तर बघा. एकोणीस साली आमची भांडी या जिन्यात तरंगत होती.’

उल्हास नदी आमच्या पाठीशीच आहे. २००५, २०१९, २०२१. या तीन सालांत पाणी कुठवर आलं याची मापं हेंद्रेपाड्यात कुणालाही विचारा, तोंडपाठ आहेत. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढले, ते उभ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच पाण्याने इथल्या तळमजल्यांत काय केलं ते फक्त तळमजलेवाल्यांनी पाहिलं. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात, एक पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. यातलं काहीही विक्रीच्या नोटिशीत सापडत नाही. सोसायटीची थकबाकी किती, तीही बऱ्याचदा ‘माहीत नाही’.

मी त्या जोडप्याला हिशेब मांडून दाखवला. तो इथेही मांडते, आकडे सोयीचे धरले आहेत. समजा, त्या गल्लीत दोन प्रकारची घरं लिलावाला येतात: पाणी न शिरणारी, खरी किंमत २२ लाख, पाणी शिरणारी, खरी किंमत १६ लाख. दोन्ही सारख्याच संख्येने. बोली लावणारे दोन: एक स्थानिक दलाल, ज्याला कुठलं घर कसलं ते ठाऊक आहे; आणि एक बाहेरचा, ज्याला ठाऊक नाही. बाहेरचा म्हणतो, सरासरी १९, मी १९पर्यंत जाईन. आता काय होतं? घर कोरडं असेल तर दलाल १९च्या पुढे जातो आणि घेऊन टाकतो. घर बुडणारं असेल तर दलाल १६ला थांबतो आणि बाहेरच्याला ते मिळतं. म्हणजे बाहेरचा जिंकतो तेव्हा नेमकं बुडणारं घर जिंकतो. एकदा हात पोळला की, किंवा माझ्यासारखीने सांगितलं की, तो १९वर जात नाही, १६ला थांबतो. मग दलालाला कोरडं घरही १६च्या किंचित वर मिळतं. बँकेच्या हाती प्रत्येक वेळी सोळाच पडले.

आता बँकेने नोटिशीत पाण्याची उंची छापली असं धरा. बुडणारं घर १६ला जाईल, जायलाच हवं. कोरड्या घरासाठी मात्र दोघंही २२पर्यंत चढतील. सरासरी १९. वाईट बातमीही छापल्याने बँकेला घरामागे तीन लाख जास्त मिळाले.

पहिल्या भागाला जिंकणाऱ्याचा शाप म्हणतात. मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या पट्ट्यांसाठी बोली लावणाऱ्या कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी तो १९७१मध्ये मांडला. दुसरा भाग पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट वेबर यांनी १९८२मध्ये गणिताने सिद्ध केला: विकणाऱ्याकडे जी माहिती आहे ती त्याने सगळ्यांना सांगून टाकावी, चांगली असो वा वाईट, सरासरीने त्याचा फायदाच होतो. मिलग्रोम यांना २०२०मध्ये रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. गंमत म्हणजे आपल्या नियमांतही हे आहे. २००२च्या सरफेसी नियमांतला आठवा नियम सांगतो, की मालमत्तेचं स्वरूप आणि मोल जोखायला खरेदीदाराला जे कळणं अधिकाऱ्याला महत्त्वाचं वाटेल, ते त्याने विक्रीच्या नोटिशीत द्यावं. जागा आहे. भरत कोणी नाही.

का भरत नाही, याचं उत्तर अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून बघितलं की मिळतं. पाण्याची उंची छापली तर कर्जदाराचा वकील म्हणणार, तुम्ही मुद्दाम किंमत पाडली. नाही छापली, तर ‘जे आहे जसे आहे’ पाठीशी आहेच. मूल्यांकक वरच्या आणि खालच्या मजल्याला जवळजवळ एकच दर लावतो. पोर्टल म्हणतं, आमचं काम नोटीस चढवणं, अनामत जमा करून घेणं आणि घड्याळ चालवणं. जो तो आपल्या जागी बरोबर आहे. भिशीवाल्या काकू जे पदरचे घालायला तयार असतात, ते इथे कोणीच घालत नाही, म्हणून काकूंची भिशी भरलेली असते आणि हे लिलाव एका बोलीवर किंवा बिनबोलीचे जातात. बोली लावणारे कमी असले की ‘रिंग’ करणंही सोपं. चार दलाल आपसात ठरवून एकालाच पुढे करतात आणि फरक नंतर वाटून घेतात.

खरेदीदाराची दुसरी भीती कायद्याची: जिंकल्यावरही घर आपलं होईल का? इथे मात्र गोष्टी सुधारल्या आहेत, आणि ज्या खटल्याने सुधारल्या तो आपल्याकडचाच, नवी मुंबईतल्या मालमत्तेचा. आधीचे अनेक लिलाव बोलीविना गेलेले. शेवटी सेलिर एलएलपीने १०५ कोटींच्या जरा वर बोली लावली आणि बँकेने मानली. मग कर्जदार बाफना मोटर्स १२९ कोटी देऊन मालमत्ता सोडवायला पुढे आले आणि उच्च न्यायालयाने परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ला तो निर्णय फिरवला: विक्रीची नोटीस प्रसिद्ध झाली की सोडवून घेण्याचा हक्क संपतो. कर्जदाराच्या बाजूने बघितलं तर हे कठोर आहे. पण हातोडा पडल्यावरही सौदा फिरू शकतो असं वाटलं तर शहाणी माणसं बोलीच लावत नाहीत आणि घरं दलालांच्या हाती जातात. त्यामुळे या निकालाच्या बाजूने मी आहे, जरा जड मनाने.

माहितीच्या या पोकळीत धंदा आहे हे हेरणारे कमी नाहीत. बदलापूर स्टेशनबाहेर ‘बँक ऑक्शन फ्लॅट’च्या पाट्या लावलेले एजंट आहेत, काही प्रामाणिक, काही नाहीत. ते जागा दाखवतात, सेक्रेटरीला गाठून थकबाकी काढतात, पाणी विचारतात, आणि त्याचे पैसे घेतात. नव्या कंपन्या हेच अॅपवर आणू पाहतात: महिन्याची वर्गणी भरा, अहवाल घ्या. गुंतवणूकदारांपुढे मांडायच्या तक्त्यात हे फार देखणं दिसतं. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारते: अहवाल एकाला विकणार की सगळ्यांना दाखवणार? एकाला विकला तर तुम्ही दलालांची संख्या एकाने वाढवलीत. वरच्या उदाहरणातला बाहेरचा आणखी सावध होईल, राखीव किमती आणखी घसरतील आणि काही वर्षांत तुमचा अहवाल घेणारेही उरणार नाहीत. सगळ्यांना दाखवायचा तर पैसे बोली लावणाऱ्याकडून मिळणार नाहीत, विकणाऱ्याकडून घ्यावे लागतील. कार्स२४ गाडी तपासते ती आपल्याच बाजारासाठी, तसे. म्हणजे बँकेला जाऊन सांगावं लागेल, की तुमच्या तळमजल्याची ओल मोजून जगाला दाखवायचे पैसे तुम्ही आम्हाला द्या. या वाक्यानंतर बहुतेक जण चहा संपवून उठतात.

बँकेला घाई का नाही, तेही कळतं. घर तीन लाखांनी कमी गेलं तर बँकेचं खातं काही त्यानेच बुडत नाही. उरलेली रक्कम कर्जदाराच्या नावावर राहते आणि ती वसूल करायचा मार्ग कायद्यात आहे. घर जास्त किमतीला गेलं तर कर्ज आणि खर्च वजा जाता वरची रक्कम त्यालाच परत करायची असते. त्या तीन लाखांत सगळ्यात जास्त जीव अडकलेला माणूस दोन्ही बाबतींत एकच, आणि नोटीस काय छापायची हे त्याला कोणी विचारत नाही. सांकेतिक ताब्याच्या घरात तो अजून राहत असतो. पाणी कुठवर येतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

उल्हासनगरच्या जोडप्याने ती सदनिका सोडली. सहा महिन्यांनी त्याच सोसायटीतली दुसऱ्या मजल्यावरची निघाली. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून थकबाकीचा आकडा लेखी आणला, राखीव किमतीच्या वर दोन वाढी द्यायच्या आणि तिसऱ्याला थांबायचं, असं ठरवलं. दुसरी वाढही द्यावी लागली नाही. समोर कोणी आलंच नाही.